पटावरच्या घरांची नावे

दिवाळीच्या सुट्टीतील एका सायंकाळी आमच्या चर्चच्या आवारातील चिंचेखाली पाचसहा मुले एका मोबाइलभोवती डोकी जोडून बसली होती. आम्ही मागे जाऊन उभे राहिलो तरी कोणाचे लक्ष गेले नाही. मोबाइल ज्याच्या हाती होता तो नववीतला मुलगा. त्याच्या खेळातील शिपाई एका पडक्या इमारतीचा जिना चढता चढता गोळी लागून कोसळला. "मेला का रे?" आम्ही सहज विचारले. मान वर न करता त्याने उत्तर दिले, "मेला, फादर. पण येतो परत." आणि खरोखरच डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो शिपाई जिन्याच्या पायथ्याशी पुन्हा उभा राहिला. अंगावर ओरखडाही नव्हता.

तळोद्यात राहणाऱ्याच्या मनात या 'येतो परत'चा एक निराळा प्रतिध्वनी उमटतो. याच दिवसांत सातपुड्यातील अस्तंबा डोंगराची यात्रा असते. दूरदूरचे यात्रेकरू, आणि त्यांत तरुण मुलेच पुष्कळ, आमच्या गावावरून डोंगराची वाट धरतात. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. मस्तकावरचा मणी काढून घेतल्याने झालेली जखम घेऊन तो या डोंगरात भटकतो आणि वाटसरूंकडे जखमेवर घालण्यासाठी तेल मागतो, अशी इकडची श्रद्धा आहे. त्याला मरण नाही. महाभारतात ही शिक्षा आहे आणि सातपुड्याने ती शिक्षा म्हणूनच जपली आहे. चिंचेखालच्या मुलांपैकी दोघे यंदा अस्तंब्याला जाऊन आले होते. मरण नसलेल्या एका वीराच्या डोंगरावरून उतरलेली मुले मरण नसलेल्या दुसऱ्या वीराला खेळवीत बसली होती, आणि या दुसऱ्याला तेल मागण्याची पाळी कधी येणार नव्हती.

आम्ही मुलांना रागे भरलो नाही. एक तर सुट्टी होती. दुसरे असे की, या खेळांविषयी आमचे मत बनलेले असले तरी त्याला अभ्यासाचा आधार नव्हता. कादंबरी आली, नाटक आले, बोलपट आला, त्या प्रत्येक वेळी आमच्या व्यवसायातील मंडळींनी आधी नाके मुरडली आणि नंतर वीसपंचवीस वर्षांनी त्याच कादंबऱ्यांवर परिसंवाद भरविले. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तरी हा क्रम उलटा करून पाहावा असे वाटले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जी या खेळावर बंदी घातली, पुढे तोच खेळ नाव पालटून पुन्हा आला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना आळा घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला, आणि तो योग्यच झाला असे आमचे मत आहे. परंतु बंदी हे राज्यकर्त्यांचे काम. समीक्षकाने आधी कृती पाहावयास हवी.

ती पाहण्याचा योग आमच्या भाच्यामुळे आला. तो पुण्यास संगणकाच्या नोकरीत आहे. गेल्या मे महिन्यात चार दिवस आमच्याकडे राहावयास आला, तेव्हा आम्ही त्याला म्हटले की, मारामारीचे खेळ पुष्कळ पाहिले, आपल्याकडच्या कोणी केलेला एखादा बरा खेळ असेल तर दाखव. त्याने 'राजी' दाखविला. दोन रात्री तो खेळत होता आणि आम्ही शेजारी खुर्ची टाकून पाहत होतो. अधूनमधून त्याने ती कळपाटी आमच्याही हाती दिली, परंतु आमच्या हातून राजी दर वेळी दरीतच पडली.

'राजी' हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेने तयार केला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. प्रारंभी त्यातील निवेदन इंग्रजीत होते, २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आला. कथा साधी आहे. राजी आणि गोलू ही बहीणभावंडे, अनाथ, कसरतीचे खेळ करून पोट भरणारी. महाबलासुराचे दानव चालून येतात, गोलूला पळवून नेतात, दुर्गेचे त्रिशूळ राजीच्या हाती येते आणि ती भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू हे दोघे वरून हे सारे पाहत असतात व एकमेकांशी बोलत असतात. त्यांचा तो संवाद हेच कथेचे निवेदन होय.

चित्राच्या दृष्टीने ही कृती अव्वल आहे. वाळवंटातील किल्ल्यांचे सज्जे, जाळीच्या खिडक्या, भिंतींवरील रंगविलेल्या पुराणकथा, आणि कथेचे दुवे सांगण्यासाठी वापरलेली छायाबाहुल्यांची रीत, यांत परदेशी खेळांची नक्कल नाही. आणखी एक गोष्ट आम्हांस फार आवडली. राजी ही डोंबाऱ्याच्या जातकुळीची मुलगी आहे, हे खेळ विसरत नाही. ती खांबाला धरून गिरकी घेते, भिंतीवर पाय रोवून उलटी उडी मारते, आणि हीच तिची युद्धकला. देवीने शस्त्र दिले खरे, पण ते चालवणारे अंग तिने बाजारात दोरीवर चालून कमावलेले आहे. आपल्या गावात ढोलकी वाजली की पाच रुपये टाकून आपण ज्या मुलीकडे पाहतो आणि विसरून जातो, ती इथे नायिका आहे. मराठी कादंबरीत अशा नायिका किती, हे वाचकांनी मोजून पाहावे.

दोषही आहेत. शेवट अकस्मात येतो. एखाद्या हप्त्याने प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीचा अंक बंद पडावा तसे वाटते. भिंतीवरच्या पुराणकथा इतक्या बोलक्या आहेत की त्यांच्यापुढे राजीचे स्वतःचे दुःख फिके पडते. ते आपल्याला सांगितले जाते, सोसावे लागत नाही. आणि मुख्य म्हणजे संपूर्ण वाटेत कोठेही फाटा नाही. उडी मारावयाची की थांबावयाचे एवढेच काय ते राजीच्या हाती. भावाला सोडवावे की समोर दुसरा कोणी बुडत आहे त्याला आधी काढावे, असा पेच तिच्यापुढे एकदाही उभा राहत नाही. आम्ही भाच्याला हे म्हणालो. तो म्हणाला, "मामा, सापशिडीत तरी कुठे फाटा असतो? दान पडेल तसं जायचं." 

उत्तर बिनतोड होते. आणि त्यानेच आम्हांस खऱ्या प्रश्नाकडे नेले.

सापशिडीचा मूळ अवतार मोक्षपट. तो ज्ञानेश्वरांनी रचला असे महाराष्ट्रात परंपरेने सांगतात. समकालीन पुरावा नाही, आणि आज हाती असलेले पट पुष्कळ नंतरच्या काळातील आहेत. पुण्याचे हस्तलिखितांचे अभ्यासक वा. ल. मंजुळ यांनी मराठी मोक्षपटांचा मागोवा घेतला, आणि डेन्मार्कच्या जेकब श्मिट-मॅडसेन यांनी या जातीच्या पटांवर २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध लिहिला. उत्तरेत त्याला ज्ञानचौपड म्हणत. वैष्णवांचा ७२ घरांचा, जैनांचा ८४ घरांचा, सूफींचाही एक, असे त्याचे अनेक पाठ आहेत. कवड्या टाकावयाच्या आणि पडेल त्या दानाने पुढे सरकावयाचे. खेळणाऱ्याला निवड अशी नाहीच. या दृष्टीने पाहिले तर राजीला मोक्षपटावरच्या सोंगटीहून कितीतरी अधिक स्वातंत्र्य आहे.

मग मोक्षपट शिकवीत असे तो कशाच्या बळावर? आमच्या मते घरांच्या नावांच्या बळावर. प्रत्येक घरात काही लिहिलेले असे. सापाच्या तोंडाशी क्रोध, मत्सर, लोभ. शिडीच्या पायथ्याशी दया, सत्संग. साप गिळतो तो का गिळतो, हे गिळला जाणारा वाचू शकत असे. निदान शेजारी बसलेली आजी वाचून दाखवीत असे. बहुतेक पटांवर सापांची संख्या शिड्यांपेक्षा अधिक असे, तीही काही लपविलेली नव्हती. वैष्णव पटात तर वैकुंठ ६८व्या घरात आहे, शेवटच्या घरात नाही. ते चुकवून जो पुढे धावला त्याला वरचा साप पुन्हा खाली आणून सोडतो. उद्धटाचीही सोय करून ठेवली आहे, आणि तीही लिहून.

हाच पट इंग्रज घेऊन गेले. १८९२ साली लंडनच्या एफ. एच. एअर्स या खेळणीवाल्याने सापशिडीची नोंदणी केली. प्रारंभी तिकडच्या पटांवरही काटकसर, आज्ञाधारकपणा, आळस अशी नावे व चित्रे असत. शिड्या आणि साप मात्र सारख्या संख्येला आणले गेले. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांच्या जागी घसरगुंड्या आणल्या. आणि आपल्याकडे जत्रेत वीस रुपयांना जो पुठ्ठ्याचा पट मिळतो त्यावर आता १ ते १०० आकड्यांखेरीज काही नाही. साप गिळतो. का गिळतो ते विचारावयाचे नाही. नाव जाऊन आकडा राहिला. दान पूर्वीही आंधळे होते, पण नावे होती तोवर तो पट जगाविषयी काही म्हणत होता, आणि त्याचे म्हणणे आपल्याला खोडूनही काढता येत होते. मत्सराचा साप एवढा लांब का, असा वाद आजीशी घालता येत होता. ९९ या आकड्याशी वाद घालता येत नाही.

तेव्हा खेळात निवड किती, यापेक्षा खेळाचा नियम उघड्यावर आहे की नाही हे समीक्षकाने प्रथम पाहावे, असे आम्हांस वाटते. आणि हा नियम जर संगणकाच्या आज्ञावलीत असेल, तर ती आज्ञावली वाचावयास मिळते का?

भाच्याने सांगितले की 'राजी' अनरियल नावाच्या यंत्रणेवर उभा आहे. नाव ऐकून आम्हांस हसू आले. अवास्तव असे स्वतःच सांगणारे यंत्र! त्याची आज्ञावली त्या कंपनीच्या अटी मान्य करणाऱ्यास पाहता येते, परंतु मालकी कंपनीचीच. दुसऱ्या एका यंत्रणेचे नाव गोडो, सॅम्युएल बेकेटच्या नाटकातील तोच गोडो, ज्याची वाट पाहावयाची आणि जो येत नाही. अर्जेंटिनातील दोघांनी ती घडविली आणि २०१४ साली जगाला खुली केली. हव्या त्याने उघडावी, बदलावी, बदललेली दुसऱ्यास द्यावी. तिच्यात काही ना काही भर घालावयाची इच्छा कधी संपत नाही, म्हणून हे नाव. साहित्याच्या वर्गात बसलेल्या कोणीतरी हे बारसे केले असावे.

खुलेपणाचा हा आग्रह धरणाऱ्यांत रिचर्ड स्टॉलमन यांचे नाव मोठे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत एक नवा छपाईयंत्र आले. कागद अडकला की सर्वांना कळावे, अशी सोय जुन्या यंत्रात त्यांनी स्वतः करून घेतली होती. नव्या यंत्राची आज्ञावली मात्र दुसऱ्या विद्यापीठातील ज्या माणसाजवळ होती, त्याने ती दाखविण्यास नकार दिला, कारण न दाखविण्याचे वचन त्याने कंपनीला दिले होते. कागद अडकण्याएवढ्या क्षुल्लक गोष्टीतून स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त संगणकप्रणालीची चळवळ उभी केली. आम्हांस ही गोष्ट एखाद्या संतचरित्रातल्या प्रसंगासारखी वाटते, इतके तिचे निमित्त लहान आहे.

अमेरिकेतील छपाईयंत्राशी आपला काय संबंध, असे म्हणणाऱ्या वाचकांना आमच्या कपाटातील एक हकिगत सांगतो. आमच्या आधी येथे असलेल्या एका फादरांनी १९९० च्या दशकात या भागातील भिली गीते जमविली होती. लग्नाची, होळीची, पेरणीची. गाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून ती त्यांनी देवनागरीत उतरवली आणि मोठ्या हौसेने संगणकावर टंकून घेतली. फाइली आजही शाबूत आहेत. उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडतो. कारण असे की, त्या काळच्या मराठी अक्षरसंचांत आपला 'क' हा वस्तुतः एखाद्या रोमन अक्षराच्या जागी बसविलेला असे, आणि कोणता कोठे बसवावयाचा हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवी. तो अक्षरसंच चालण्यासाठी संगणकाच्या पाठीमागे कुलपासारखी एक डबी लावावी लागे. ती डबी हरवली. कंपनीला पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. कागदावरची प्रत वाळवीने अर्धी खाल्ली होती. गाणाऱ्या म्हाताऱ्या मातीत गेल्या. गीते आहेत, आमच्या हाती आहेत, आणि वाचता येत नाहीत.

भाच्याने चार दिवसांतले दीड दिवस या कामी घालविले. कोणत्या चिन्हाला कोणते अक्षर, याची एक यादी त्याने अर्ध्या राहिलेल्या कागदी प्रतीशी ताडून तयार केली, आणि सुमारे निम्मी गीते परत आली. ती आता युनिकोडमध्ये आहेत. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांचा एक उघडा तक्ता. १९९१ पासून देवनागरीला त्यात जागा आहे, आणि ती जागा आपल्याच देशात १९८८ साली ठरलेल्या मानकाच्या आधाराने आखलेली आहे. तक्ता कोणीही वाचावा, त्याबरहुकूम कोणीही अक्षरे घडवावीत. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी 'मुक्ता' नावाचा देवनागरी अक्षरसंच घडवून सर्वांना खुला केला. आमची गीते आम्ही त्यातच पुन्हा मांडून घेतली. त्यात एके ठिकाणी आम्ही बराच वेळ अडलो होतो. सातपुड्याच्या वर्णनात 'दर्या' असा शब्द आला. सातपुड्यात समुद्र कोठून आला? मग उलगडले की तो 'दऱ्या' होता. अर्ध्या र ची ती खास मराठी आडवी रेघ जुन्या यादीत आम्ही चुकीच्या जागी धरली होती. एका रेघेने दरीचा सागर केला. उरलेल्या निम्म्या गीतांत असे किती सागर पडले आहेत, देव जाणे.

या संदर्भात आणखी एक गोष्ट मनात येते. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले, ते ओवीत आणि पुराणाच्या साच्यात. ओवीचा मालक कोणी नव्हता. तिच्या पाठीमागे डबी नव्हती. परक्या देशातून आलेल्या माणसाने ती कानांनी ऐकली, नियम समजून घेतला आणि आपली कथा तीत सांगितली. पुण्याच्या मंडळींनी 'राजी'त पुराणकथा, चित्रशैली आणि छायाबाहुल्या अशाच मोकळेपणाने घेतल्या आहेत, तेही याच न्यायाने.

भाच्याने मात्र आम्हांस सहजासहजी सोडले नाही. "आज्ञावली उघडी ठेवली तरी मामा, तुम्हांला ती वाचता येणार आहे का?" तो म्हणाला. येणार नाही. आमच्या आजीला लॅटिन मिस्सा तोंडपाठ होती आणि एका शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. तिच्यासाठी लॅटिन ही बंद डबीच होती. पण लॅटिन कोठेतरी शिकविली जात होती, तिचा कोश विकत मिळत होता, गावातला एखादा मुलगा सेमिनरीत जाऊन ती शिकून येत होता, आणि आजी त्याला अंगणात बसवून विचारू शकत होती की, अरे, या ओळीत काय म्हटले आहे? तिने खरोखर विचारलेही. उघडे असणे म्हणजे प्रत्येकाला वाचता येणे एवढाच अर्थ घेतला तर जगातील कोणतीच गोष्ट उघडी नाही. ज्याला विचारता येईल असा कोणी असणे, आणि त्याने सांगितल्याबद्दल त्याला शिक्षा न होणे, इतके आम्हांस पुरे वाटते.

दुसऱ्या रात्री वीज गेली. ओट्यावर बसलो असता भाच्याने विचारले, "मामा, आपण स्वतःच कोणाच्या तरी संगणकातले असलो तर?" प्रश्न त्याचा नव्हे. तेव्हा ऑक्सफर्डला असलेले तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांनी २००३ साली तो युक्तिवादाच्या रूपाने मांडला. भविष्यातील माणसांना आपल्या पूर्वजांच्या हुबेहूब प्रतिसृष्टी संगणकात चालविता आल्या, आणि त्यांनी त्या असंख्य चालविल्या, तर खऱ्या माणसांपेक्षा प्रतिसृष्टीतील माणसेच कितीतरी अधिक होतील. मग आपण खऱ्यांपैकी आहोत असे कोणत्या तोंडाने म्हणावे? ते तेथवर पोहोचण्यापूर्वीच नष्ट होतील, किंवा पोहोचूनही त्यांना हा उद्योग करावासा वाटणार नाही, या दोन पळवाटाही बॉस्ट्रॉम यांनी प्रामाणिकपणे ठेवल्या आहेत. 

पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्याच वर्षी आम्हांला प्लेटोची गुहा आणि देकार्तचा फसवणारा दैत्य शिकविला होता. देकार्तचे ते चिंतन १६४१ चे. त्यामुळे भाच्याच्या प्रश्नाने आम्ही दचकलो नाही. आमच्या मते बॉस्ट्रॉम यांच्या गणितातील गोम मोजणीत नसून गृहीतकात आहे. यंत्रात जाणीव उत्पन्न होऊ शकते, हे आधी मान्य केल्याशिवाय ते गणित एक पाऊलही पुढे जात नाही, आणि मान्य करण्यास तूर्त आधार नाही. विश्वामित्राने त्रिशंकूसाठी प्रतिसृष्टी निर्माण केली, त्या कथेतही ती प्रतिसृष्टी कशी चालली यापेक्षा त्रिशंकू तिच्यात उलटा लोंबकळत राहिला, हेच लोकांनी लक्षात ठेवले.

शिवाय प्रतिसृष्टी म्हटली की ती वाईटच, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला तरी नाही. संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेत प्रत्येक चिंतनाच्या आरंभी स्थलरचना करावयाची असते. बेथलेहेमची वाट लांब आहे की रुंद, सपाट आहे की चढउताराची, गुहा केवढी आहे, हे मनात उभे करावयाचे आणि आपण तेथे जाऊन बसावयाचे. तीस दिवस आम्ही हे केले आहे. तोही एक प्रकारे खेळच. पण त्याचा नियम पहिल्याच पानावर छापलेला असतो, आणि जेवणाची घंटा झाली की उठून भोजनगृहात जावयाचे असते.

भाच्याला आम्ही एवढेच म्हणालो की, कोणाच्या तरी संगणकात आपण आहोत का, या प्रश्नाचे उत्तर शोधावयास फार दूर जावयास नको. आमच्या शेजारच्या शहादा तालुक्यात टेंभली नावाचे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील आधार क्रमांकांचा आरंभ तेथून झाला. पंतप्रधान आले होते. दहा बोटे आणि डोळ्यांची बुबुळे यांवरून बारा आकडी क्रमांक. त्यानंतर या देशातील प्रत्येक माणसाची एक प्रतिमा संगणकात राहू लागली. ही प्रतिमा उपयोगी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. ज्याच्याजवळ जन्माचा दाखला नव्हता, घराचा उतारा नव्हता, त्याला तिने प्रथमच नाव दिले. परंतु दगडमातीत आणि उसाच्या पाचटात राबून बोटांच्या रेषा झिजतात. झिजलेले बोट यंत्रावर टेकले आणि जुळले नाही, तर प्रतिमा खरी ठरते आणि समोर उभा असलेला माणूस खोटा. साप गिळतो. घरावर नाव नसते, आणि यंत्र धरून बसलेल्या बिचाऱ्यालाही ते ठाऊक नसते. प्लेटोच्या गुहेत सावल्यांना खरे मानणारे कैदी होते, पण सावली जुळत नाही म्हणून एखाद्या कैद्याचे धान्य अडले असे प्लेटोने लिहिलेले नाही.

वीज आली. भाचा निघाला त्या दिवशी जाताना आम्ही त्याच्याकडून मोक्षपटाचे एक चित्र छापून घेतले होते. ते खोलीत पडून होते. चिंचेखालच्या त्या सायंकाळनंतर दोन दिवसांनी ते काढून आम्ही मुलांना दाखविले आणि सांगितले की, असाच एक पट तुम्ही करा, मात्र घरांची नावे आपल्या गावची हवीत. पहिल्यांदा कोणी उत्साह दाखविला नाही. नंतर त्या नववीतल्या मुलाने खडूचा तुकडा घेतला आणि वर्गखोलीच्या शहाबादी फरशीवर रेघा मारावयास सुरुवात केली. फरशा आयत्याच चौकोनी होत्या.

नावे त्यांनीच घातली. आश्रमशाळा, वसतिगृह, दहावी, हातभट्टी, जातीचा दाखला, मोटारसायकल. अस्तंबा हे घर कोठे घालावयाचे यावर बराच काथ्याकूट झाला, शेवटी ते साप नाही आणि शिडी नाही असे एका कोपऱ्यात आले. सर्वांत लांब सापाला त्यांनी 'उचल' असे नाव दिले. मुकादम दसऱ्याच्या सुमारास घरी येऊन उसाच्या तोडणीसाठी जे आगाऊ पैसे ठेवून जातो, ती उचल. त्याचे तोंड दहावीच्या अलीकडच्या घरात होते, आणि शेपटी कोठे सोडावयाची यावर वाद सुरू झाला. एकाचे म्हणणे, पहिल्या घरात. दुसऱ्याचे म्हणणे, त्याचा मोठा भाऊ दोन वर्षे गुजरातेत तोडणीला जाऊन आला आणि पुन्हा शाळेत बसला, म्हणजे शेपटी मध्येच कोठेतरी हवी. तिसरा म्हणाला की प्रत्येकाची शेपटी वेगळी असते, मग एकच साप कसा काढावयाचा?

नववीतला मुलगा खडू हातात धरून आमच्याकडे पाहत होता. "फादर," त्याने विचारले, "पुसलं तर चालेल ना?"

आम्ही त्याला ओले फडके आणून दिले.